परक्या शहरातलं एकट्याचं ताट

परभणीत हॉटेलात एकट्यानं जेवणारा माणूस बहुधा प्रवासी असतो, नाहीतर घरापासून लांब राहणारा नोकरदार. चहा-भज्यांना मित्र लागतात, जेवणाला घर लागतं. त्यामुळे इथून परदेशी शिकायला गेलेली मुलं सुरुवातीचे कित्येक महिने खोलीतच खिचडी लावतात. पैशांची ओढाताण असतेच. पण एकट्यानं हॉटेलाचं दार ढकलायचा संकोच तिच्याहून मोठा असतो, असं मला वाटतं. तो मोडावा, म्हणून हा लेख.

अन्नाची अडचण जुनीच आहे. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा हार्टले हॉल या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवलं नाही आणि थोड्याच दिवसांत ते कॉस्मॉपॉलिटन क्लबात राहायला गेले. पुढे लंडनला तर पैसे वाचवण्यासाठी ते दुपारचं खाणं टाळत आणि रात्री अभ्यास करताना पापड भाजून भूक भागवत. आज इतकी उपासमार करायची गरज नाही. स्वस्त जेवण मिळतं, फक्त ते कुठे आणि कधी मिळतं हे ठाऊक हवं.

वेळ दुपारची धरावी. स्पेनमध्ये कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ नावाचं ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण असतं. रात्री तेच पदार्थ महाग पडतात. जर्मनीत विद्यापीठाची ‘मेन्सा’ म्हणजे आपली मेसच, तिथून सुरुवात केली तर उत्तम. जपान तर एकट्या जेवणाऱ्यांचाच देश म्हणावा: दारातल्या यंत्रातून तिकीट काढायचं, ओट्याकडे तोंड करून बसायचं, कुणाशी बोलायचीही गरज नाही. याउलट कोरियात शेगडीवर मांस भाजून देणारी बरीच हॉटेलं दोघांपेक्षा कमी माणसांचं जेवण देत नाहीत. तिथे नकार मिळाला तर मनाला लावून घेऊ नये.

शाकाहाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ॲलर्जीकारक १४ घटकांची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. त्यात दूध, अंडी, मासे आहेत. आपले शेंगदाणे आणि तीळही आहेत. पण कोंबडी किंवा गोमांस त्या यादीत नाही. तेव्हा यादी वाचून निर्धास्त होऊ नये, तोंडानं विचारावं. जपानी सूप नुसतं भाज्यांचं दिसलं, तरी त्याचं पाणी बहुतेकदा सुकवलेल्या माशाचं असतं.

आता परभणीच्या मुलांनी आवर्जून गाठावं असं ठिकाण सांगतो: इथिओपियन हॉटेल. लंडन, वॉशिंग्टन, फ्रँकफर्ट अशा शहरांत ती सापडतात. ‘इंजेरा’ ही तिथली आंबवलेली, एका बाजूनं जाळी पडलेली मोठी पोळी. तिच्यावरच डाळी आणि भाज्या वाढतात आणि तिचाच तुकडा तोडून हातानं खातात. ती मुळात तेफ या बारीक धान्याची. पण इथिओपियाच्या काही भागांत ज्वारीचीही करतात. शेजारच्या सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून ‘किस्रा’ नावाची पातळ पोळी घालतात. आपल्या आंबिलीची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना हा आंबटपणा परका वाटणार नाही.

आणि का वाटावा? ज्वारी माणसाच्या हाताला लागली ती ईशान्य आफ्रिकेत, याच पट्ट्यात. तिथून हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली. परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झालं, ‘परभणी मोती’सारखं रब्बी ज्वारीचं वाण इथलं. ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेलं वाण २०१८ साली इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेच्या सहकार्यानं आलं. ज्या पोराच्या घरी रोज भाकरी थापली जाते, त्यानं तिचं आजोळ एकदा तरी चाखावं.

इथिओपियात एकाच ताटात जेवायची आणि प्रेमानं दुसऱ्याच्या तोंडात घास भरवायची रीत आहे, म्हणून एकट्यानं जायला मन कचरतं. जावं. ‘बेयाय्नेतू’ मागवावं, इंजेरावर निरनिराळ्या डाळी-भाज्या थोड्या थोड्या वाढून येतात आणि एका माणसापुरतंही ते मिळतं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरतात, त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. आपल्या शाकाहारी मुलांनी हेच दोन दिवस निवडावेत.