जगात नसलेलं तंत्र, निबंधांत मात्र हजर

‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. नाव किती भारदस्त! एखाद्या अद्ययावत प्रयोगशाळेत, काचेच्या बंद दारामागे चालणारं काहीतरी असावं असंच वाटतं. पण असं तंत्र पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही आणि कधी नव्हतंही. तरी २०२५ साली गूगल स्कॉलरवर शोध घेतला, तेव्हा ते २२ शोधनिबंधांत सापडलं!

खरोखर आहे ते स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. त्यात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा अतिसूक्ष्म झोत वापरतात. शेतकरी तासाला तास लावून नांगर फिरवतो, तसा हा झोत नमुन्यावरून ओळीओळीने फिरतो. तिथून उसळणारे इलेक्ट्रॉन टिपत टिपत चित्र तयार होतं आणि परागकणावरचे काटेसुद्धा मोजता येतात. ‘व्हेजिटेटिव्ह’ हा शब्द मात्र वेगळ्याच मुलखातला. काही जिवाणू बीजाणू होऊन निपचित पडून राहतात. तसे न पडता वाढत असतील, तर त्या पेशींना हा शब्द लावतात. मग या दोघांची गाठ पडली कशी?

त्यासाठी १९५९ सालात जावं लागतं. ‘बॅक्टीरिऑलॉजिकल रिव्ह्यूज’ या नियतकालिकातलं एक पान. मजकूर दोन स्तंभांत छापलेला. डाव्या स्तंभातल्या एका ओळीत ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि तिच्याच रेषेत, उजव्या स्तंभात, ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. पुढे जुने अंक संगणकावर चढवले गेले, तेव्हा मधली कोरी पट्टी यंत्राच्या ध्यानातच आली नाही. त्याने ओळ सरळ आरपार वाचली!

आता दुसरा अपघात बघा. फारसी भाषेत ‘स्कॅनिंग’ला रूबेशी म्हणतात आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ला रूयेशी. लिहिताना फरक फक्त एका टिंबाचा: ‘ब’खाली एक टिंब, ‘य’खाली दोन. २०१७ आणि २०१९ साली इराणमधल्या दोन निबंधांच्या इंग्रजी मजकुरात हाच शब्दप्रयोग अवतरला, तो बहुधा या टिंबापायी. आपल्याकडच्या ‘ध’चा ‘मा’ला राजवाड्यातलं कारस्थान लागलं होतं, इथे तर कुणाचा काही डावही नव्हता. जवळपास साठ वर्षांच्या अंतराने, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन चुका आणि दोन्हींतून निघालेले शब्द अक्षरशः तेच!

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती एक गमतीदार नोंद ठरली असती. पण मग कृत्रिम बुद्धिमत्ता आली. भाषेची ही मॉडेल्स अफाट मजकूर पचवतात आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे शिकतात. संशोधकांनी त्या जुन्या लेखांतले अर्धवट तुकडे वेगवेगळ्या मॉडेल्सना पूर्ण करायला दिले. २०१९ च्या जीपीटी-२ ने हा शब्दप्रयोग काढला नाही. २०२० च्या जीपीटी-३ ने तो पुन्हा पुन्हा काढला! कागदावरची चूक आता यंत्राच्या अंगी मुरली होती. ती काढून टाकावी म्हटलं, तर ते शब्द असलेला सगळाच मजकूर गाळावा लागेल, आणि त्यात ही चूक उघड करणारे लेखही जातील.

ती पकडली कुणी? टोपणनावाने लिहिणाऱ्या एका रशियन रसायनशास्त्रज्ञाने. वाचता वाचता तो थबकला, एवढंच. आधीच्या लेखकांपैकी, छापण्यापूर्वी निबंध तपासणाऱ्या परीक्षकांपैकी, संपादकांपैकी कुणीच कसं थबकलं नाही?

या प्रश्नाचा धागा थेट लेखकपणाशी जातो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि जानेवारी २०२३ पर्यंत काही निबंधांवर चक्क लेखक म्हणून त्याचं नावही लागलं होतं. ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ने फेब्रुवारीत सांगितलं, हे चालणार नाही. दिलेलं कारण मला फार आवडतं: लेखक म्हणजे लिहिलेल्याची जबाबदारी घेऊ शकणारा. हा आकडा कुठून आणला, असं उद्या ज्याला विचारता येईल आणि ज्याला उत्तर द्यावंच लागेल, तो लेखक.

यंत्राची मदत घेऊच नये असं मात्र कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मराठी माध्यमात शिकलेल्या, प्रयोगात तरबेज असलेल्या एखाद्या मुलीचा निबंध केवळ इंग्रजी अडखळतं म्हणून परत येणं हा अन्यायच आहे. तिथे हे साधन म्हणजे वरदान. बहुतेक मोठे प्रकाशक भाषा सुधारायला त्याचा वापर चालवून घेतात. त्यापुढे गेलात, तर काय वापरलं आणि कशासाठी, हे लिहायला सांगतात. फक्त परत आलेला मजकूर शब्द न् शब्द वाचायला हवा. ‘संबंध असावा’चं गुळगुळीत इंग्रजी होता होता ‘संबंध आहे’ होऊन बसलं, तर अख्खा निष्कर्षच बदलतो. संदर्भसूचीत अस्तित्वातच नसलेला निबंध अगदी साळसूदपणे येऊन बसू शकतो.

परीक्षकांची बाजू तर आणखी थक्क करणारी. जुलै २०२५ मध्ये ‘निक्केई’ या जपानी वृत्तपत्राने एक बातमी दिली. ‘अर्काइव्ह’ या संकेतस्थळावरच्या १७ निबंधांत गुप्त सूचना सापडल्या होत्या. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं, किंवा डोळ्यांना दिसणारच नाहीत इतकी बारीक! परीक्षकाने निबंध यंत्राला वाचायला दिलाच, तर सूचना त्या यंत्रासाठी होती: फक्त चांगलाच अभिप्राय दे. निबंध आठ देशांतल्या १४ संस्थांचे होते. एका लेखकाने तर असा बचाव केला, की हा सापळा आळशी परीक्षकांसाठी होता.

मला हा बचाव पटत नाही. चांगलंच बोल म्हणणारा सापळा लेखकाच्याच पदरात दान टाकतो. पण यंत्रणा बघा कशी आहे: निबंध स्वतः वाचणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांना ती सूचना दिसणारच नाही आणि त्याच्या मतावर तिचा कणभरही परिणाम होणार नाही. निबंध न वाचताच यंत्राच्या हवाली करणाऱ्याच्या अभिप्रायात मात्र ती जशीच्या तशी उतरू शकते, आणि खाली सही त्याची असते.