दवाखान्यातली बर्फाची दरी

आमच्या तिसरीच्या वर्गातला एक पठ्ठ्या महिनाभर एकाच बाजूने चावून जेवत होता. शेंगदाण्याचा लाडू दिला तरी नको म्हणायचा! शेवटी गाल सुजला, तेव्हा कळलं की दाढ किडलीय. “आईला का नाही सांगितलंस?” तर म्हणतो, “बाई, मग दातांच्या डॉक्टरांकडे नेलं असतं ना!”

या भीतीवर एक गमतीदार उपाय निघालाय. पण त्याची सुरुवात दातांपासून झाली नाही, भाजलेल्या जखमांपासून झाली. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात, हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन हे मानसशास्त्रज्ञ १९९६ पासून या कामात होते. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना जीव नकोसा होतो. म्हणून त्यांनी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचं खोटंखोटं जग तयार केलं. डोळ्यांवर हेडसेट चढवला, की आपण थेट बर्फाच्या दरीत! मान वळवाल तिकडे बर्फ. समोर पेंग्विन, बर्फाचे पुतळे, आणि त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेकायचे.

मग दुखणं जातं कुठं? अहो, दुखणं कळायलासुद्धा लक्ष लागतं. खो-खो खेळताना फुटलेला गुडघा मैदानाबाहेर आल्यावरच ठणकतो की नाही? तसंच हे. २००१ साली हॉफमन यांनी हिरड्यांच्या उपचारांत हे करून पाहिलं. रुग्ण दोनच, तेही मोठी माणसं. पण नुसता सिनेमा दाखवला त्यापेक्षा हेडसेटच्या जगात त्यांना कितीतरी कमी दुखलं. पुढे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात दात भरायला, काढायला आलेल्यांना काहींना समुद्रकिनाऱ्यावर फिरवलं, काहींना शहरात. हेडसेटमधून हं! किनाऱ्यावरच्यांना कमी दुखलं. शहरवाल्यांना काही फरक नाही. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. मला तर हाच भाग फार आवडला. मुलांवरही असे प्रयोग झालेत, आपल्या भारतातल्या दंत महाविद्यालयांतही.

अर्थात ही जादू नव्हे. दाढ काढायची तर भुलीचं इंजेक्शन लागतंच. काहींना हेडसेटने गरगरतं. काही मुलांना डॉक्टर काय करताहेत ते बघायचंच असतं, त्यांचे डोळे झाकले की ती जास्त घाबरतात. आणि पालकांनो, “गप्प बस, नाहीतर सुई टोचायला लावीन” असं घरी रोज ऐकणाऱ्या मुलाला हेडसेट तरी किती पुरणार?

आमच्या पठ्ठ्याच्या डॉक्टरांकडे हेडसेट नव्हताच. त्यांनी आधी फिरतं ब्रशचं यंत्र त्याच्या नखावर फिरवून दाखवलं. “दुखलं की डावा हात वर कर, मी थांबेन,” म्हणाले. त्याने दोनदा हात वर केला, ते दोनदा थांबले. दाढ वाचली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात बर्फाच्या दरीची गोष्ट सांगितली. पठ्ठ्या विचारात पडला. मग म्हणाला, “बाई, एवढ्या थंडीत दात वाजायला लागले, तर डॉक्टर ते भरणार कसे?”