आईच्या खुब्यातली वाटी

गेल्या वर्षी आईच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर नमुना मांडला. धातूची दांडी, तिच्यावर गुळगुळीत गोळा आणि त्या गोळ्यावर बसणारी दुधी रंगाची वाटी. आईनं वाटी चाचपून विचारलं, "हे प्लॅस्टिक का हो?"

"हो आजी. दुधाच्या पिशवीच्याच जातीचं. पॉलिथिन."

आईचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणाली, "पिशवी चार दिवस टिकत नाही, आणि ती माझ्या हाडात घालणार?"

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचू लागलो, आणि एका फसलेल्या प्रयोगापाशी येऊन थांबलो.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे शल्यविशारद होते. 1958 पासून त्यांनी खुब्यात टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांनी आजूबाजूच्या पेशी खवळल्या, सांधे सैल झाले. सुमारे तीनशे रुग्णांचा प्रश्न होता. चार्नलींनी अपयश लपवलं नाही. शस्त्रक्रिया पुन्हा करत राहिले.

1962 मध्ये एक विक्रेता नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. ते यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाई. चार्नलींनी ते नखानं दाबून पाहिलं आणि निकालात काढलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते यंत्रावर घासायला लावलंच. तीन आठवडे अहोरात्र घासूनही ते टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तितकंसुद्धा झिजलं नाही. मग चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, नव्या पदार्थाच्या जागी नाही. त्याच नोव्हेंबरपासून पॉलिथिनच्या वाट्या बसू लागल्या.

पिशवी आणि वाटी यांत फरक लांबीचा. वाटीतल्या रेणूची साखळी लाखो कार्बन अणूंची, पिशवीतल्यापेक्षा कितीतरी पट लांब. त्या इतक्या गुंतलेल्या असतात, की वितळूनही हा पदार्थ धड वाहत नाही. दाबून ठोकळा करायचा आणि त्यातून वाटी कातायची. पुढे किरणोत्सर्गानं साखळ्या एकमेकींना जोडण्याची युक्ती निघाली, आणि झीज आणखी कमी झाली.

आता मणक्यांच्या मध्ये 'पीक' नावाचं प्लॅस्टिकही बसवतात. टायटॅनियम हाडापेक्षा फार ताठ. सगळा भार स्वतःच उचलतं, आणि काम नसलेलं हाड झिजतं. पीक हाडाला त्या मानानं जवळचं. शिवाय एक्स-रे त्यातून आरपार जातो, त्यामुळे हाड जुळतंय का, हे दिसतं. खोट एकच, हाड त्याला सहजी चिकटत नाही. म्हणून काही वेळा वर टायटॅनियमचा पातळ थर देतात.

हे सारं आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "त्या डॉक्टरनं आधी स्वतःला टोचून घेतलं?"

"हो."

"मग चालेल."

परवा वर्षाची तपासणी झाली. एक्स-रेमध्ये वाटी दिसत नाही. धातूचं कवच आणि गोळा यांच्यामध्ये नुसती काळी फट दिसते. डॉक्टर तीच फट मोजतात. गोळा एका बाजूला सरकू लागला, तर वाटी झिजतेय असं समजायचं. आईची फट सगळीकडे सारखी निघाली.

घरी येताना तिनं जिन्याचा कठडा धरला नाही. मी मात्र सवयीनं हात पुढे केलेलाच होता.