फोर्टातल्या स्टुडिओतला बीटल

वराळे काय किंवा तळेगाव-देहूच्या आसपासचं कुठलंही गाव काय, तिथल्या माणसाला पखवाजाचा आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. एकादशीचं भजन, सप्ताह, काल्याचं कीर्तन, दिंडीची वाट. डाव्या पुडीला कणीक लावलेली आणि थाप पडली की छातीत घुमणारी ती चीज लहानपणापासून कानात बसलेली असते. नेमका हाच आवाज १९६८ साली एका विलायती तबकडीवर उमटला. तबकडीवर नाव होतं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचं. ‘तबला अँड पखावज’ हा जेमतेम एका मिनिटाचा तुकडा, वाजवणारे महापुरुष मिश्रा, आणि ध्वनिमुद्रणाची जागा लंडन नव्हे, मुंबईचं फोर्ट.

‘वंडरवॉल म्युझिक’ हा तो अल्बम. हॅरिसनचा स्वतःच्या नावावरचा हा पहिला, आणि बीटल्सनी काढलेल्या ‘ॲपल’ कंपनीची पहिली एलपीसुद्धा हीच. १ नोव्हेंबर १९६८ रोजी ती ब्रिटनमध्ये बाजारात आली. १९९२ मध्ये सीडी निघाली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ टेपवरून नव्याने मास्टर केलेली आवृत्ती आली. रॉकच्या इतिहासात या अल्बमला सहसा तळटीपेची जागा मिळते. मराठी श्रोत्याने मात्र ही नवी आवृत्ती जरूर ऐकावी, कारण त्यातले निम्म्याहून अधिक तुकडे मुंबईत, आपल्या वादकांनी वाजवलेले आहेत.

आता हे ‘रीमास्टर’ प्रकरण नेमकं काय असतं? दुकानात किंवा फोनवरच्या ॲपमध्ये जुन्या अल्बमच्या नावापुढे हा शब्द हटकून दिसतो आणि पुष्कळांना तो विक्रीचा फंडा वाटतो. स्टुडिओत वाजवलेलं सगळं मिसळून एक पक्की टेप तयार होते, ती मास्टर टेप. पण ती टेप जशीच्या तशी तबकडीवर उतरत नसे. खर्जाचा आवाज जोरकस असला की तबकडीवरची खाच रुंद होते, सुई उडू शकते, आणि एका बाजूवर मावणारा वेळही कमी होतो. म्हणून तबकडी कापणारा तंत्रज्ञ खर्ज थोडा दाबायचा. पुढे सीडीचं युग आलं तेव्हा अनेक कंपन्यांनी घाईघाईत हाती लागेल ती टेप वापरली, कधी तबकडीसाठी आधीच खर्ज छाटलेली, तर कधी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची नक्कल. रीमास्टर करणारा माणूस मागे जातो, शक्य तितक्या मूळ टेपपर्यंत. ती चांगल्या यंत्रावर, हेड नीट जुळवून वाजवतो, अधिक बारकाईने संगणकात उतरवतो, आणि मग तोल सावरतो. जुन्या फोटोची निगेटिव्ह सापडावी आणि तिच्यावरून नवी प्रत काढावी, तसं हे काम. फोटोतली माणसं हलवता येत नाहीत. पण काळवंडलेल्या प्रतीत न दिसणारे चेहरे दिसू लागतात.

माणसं हलवायची असतील तर त्याला रीमिक्स म्हणतात, आणि ते वेगळं काम आहे. त्यासाठी प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर घेतलेलं लागतं. अलीकडे संगणकाच्या मदतीने एकत्र मिसळलेले आवाजही सुटे करता येतात. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची २०२२ची आवृत्ती तशीच तयार झाली.

रीमास्टर चांगलं झालं तर काय हाती लागतं, याचा नमुना बीटल्सच्याच पहिल्या अल्बममध्ये सापडतो. ‘प्लीज प्लीज मी’. त्यातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी, लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत, दोन ट्रॅकच्या यंत्रावर घेतली गेली. जॉन लेननला सर्दी होती. घसा पुरता जाणार हे ठाऊक असल्याने ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे सगळ्यात ओरडून म्हणायचं गाणं दिवसाच्या शेवटी ठेवलं होतं. १९८७ची सीडी मोनोमध्ये होती. ९ सप्टेंबर २००९ला बीटल्सचे सगळे अल्बम रीमास्टर होऊन आले, तेव्हा पहिल्यांदा हा अल्बम सीडीवर स्टिरिओत मिळाला आणि लेननच्या घशाची खरखर अगदी समोर आली. ॲबी रोडच्या तंत्रज्ञांनी त्या कामाला चार वर्षं दिली. एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी जेमतेम पाच मिनिटांवर त्यांनी आवाज ‘स्वच्छ’ करणारं तंत्र वापरलं. हा संयम फार मोलाचा आहे. एरवी सीडीच्या काळात बऱ्याच रीमास्टरांनी उलटंच केलं: सगळं सारखंच मोठ्याने, हळू आणि जोरकस यातला फरकच पुसलेला. कंपनीला वाटतं, मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज. दहा मिनिटांत कान दुखायला लागतात.

फोर्टातल्या टेपला तर या संयमाची विशेष गरज होती.

हॅरिसन मुंबईत नवखा नव्हता. १९६६च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता. ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला, तरी बातमी फुटलीच. हॉटेलखाली गर्दी जमली आणि शेवटी सगळ्यांना काश्मीर गाठावं लागलं. त्या मुक्कामात त्याचा हात बसवून घेणाऱ्यांत रविशंकरांचे शिष्य शंभू दास होते. १९६८च्या जानेवारीत हॅरिसन परत आला तेव्हा वादक जमवण्याचं काम त्यांनीच केलं. निमित्त होतं जो मॅसॉट या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाचं. पार्श्वसंगीतात काय हवं ते ठरवायची पूर्ण मुभा हॅरिसनला होती. त्याने चित्रपट पाहत स्टॉपवॉच लावून प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली होती, आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय संगीताची एक छोटी ओळख करून द्यायची, असा त्याचा मनसुबा होता. वय वर्षं चोवीस.

एचएमव्हीचा स्टुडिओ फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एका कचेऱ्यांच्या इमारतीत होता. मुंबईत त्या वेळी फक्त मोनो यंत्र होतं, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून आणवलं. बाहेरचा आवाज अडवायची सोय जवळपास नव्हती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा धडधडाट थेट आत यायचा आणि काम थांबवावं लागायचं. काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असं हॅरिसनने स्वतःच नंतर सांगितलं आहे.

दोनच ट्रॅक म्हणजे वादकांनी एकत्र बसून, एका दमात वाजवायचं. कुणाचा सूर हलला तर सगळ्यांनी पुन्हा. आणि पुढे कितीही तंत्र आलं तरी या टेपमधून टॅक्सी तेवढी उचलून बाजूला ठेवणं अवघड. ती काढायला गेलं की शहनाईच्या सुरातली धार आणि संतूरच्या तारेवरचा काडीचा हलका ठोकाही तिच्याबरोबर जातो. २०१४च्या आवृत्तीत पॉल हिक्स, गॅव्हिन लुर्सेन आणि रूबेन कोहेन यांनी हा मोह टाळला आहे. खोली खोलीसारखीच राहिली आहे. हेच बरोबर झालं.

ऐकताना कान कुठे लावावा? ‘लव्ह सीन’पासून सुरुवात करावी. सरोद आशिष खाँ यांचा, उस्ताद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव. एकदा वाजवून झाल्यावर त्याच टेपवर त्यांनी दुसऱ्यांदा सरोद वाजवला आणि स्वतःशीच जुगलबंदी केली. साध्या स्पीकरवर हे दोन सरोद एकमेकांत मिसळून जातात. चांगल्या हेडफोनवर एक उजवीकडे प्रश्न टाकतो, दुसरा डावीकडून उत्तर देतो असं वाटण्याइतके ते सुटे होतात, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत हेही मींडेवरून कळतं. ‘गत किरवाणी’मध्ये सरोद, सतार आणि तबल्याची द्रुत लगबग आहे. ‘क्राइंग’ ऐकताना पहिल्यांदा कुणी रडतंय असंच वाटतं. ती विनायक व्होरा यांची तारशहनाई. आणि ‘तबला अँड पखावज’. जुन्या सीडीवर या तुकड्याचा खर्ज बेताचाच लागायचा. आता डाव्या पुडीची घुमक अंगावर येते. या एका मिनिटाचा निवाडा करायला रॉकच्या समीक्षकापेक्षा मावळातला भजनी मंडळातला पखवाजी अधिक लायक आहे.

मग नावं वाचावीत. संतूर शिवकुमार शर्मा यांचं. १३ जानेवारी १९३८चा त्यांचा जन्म, म्हणजे त्याच महिन्यात त्यांची तिशी पूर्ण झाली. आदल्याच वर्षी त्यांची, हरिप्रसाद चौरसियांची आणि ब्रिजभूषण काब्रांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ एचएमव्हीने काढली होती. सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर. बासरीवर एस. आर. केंकरे. शहनाईवर शरद कुमार. पेटी आणि तबलातरंगावर रिजराम देसाद. यातले कित्येक जण मुंबईच्या मैफलींत, आकाशवाणीवर आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत रोज वाजवणारे. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या. समोर बसलेला गोरा पोरगा जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडमधला आहे म्हणून त्यांच्या वाजवण्यात कुठे अवघडलेपण आलेलं नाही, हे त्या टेपवर स्पष्ट ऐकू येतं.

त्याच दिवसांत, त्याच खोलीत आणखी एक गोष्ट झाली. चित्रपटाचं काम आटोपत आलं असताना हॅरिसनने काही वेगळे तुकडे घेतले. त्यातल्या १२ जानेवारीच्या एका तुकड्यावर लंडनला परतल्यावर त्याने स्वतःचा आवाज चढवला, आणि ‘द इनर लाइट’ हे गाणं तयार झालं. मार्च १९६८मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ते आलं. बीटल्सच्या नावावर निघालेलं हे गाणं, पण त्यातलं एकूण एक वाद्य फोर्टात वाजलेलं आहे; बासरीत चौरसियाही आहेत. २०१४च्या रीमास्टरमध्ये या गाण्याचं गायनाविना, वेगळं घेतलेलं ध्वनिमुद्रण जोडलं आहे. पूर्ण आवृत्तीतला हा सगळ्यात मोलाचा ऐवज. गायकाचा आवाज नसल्यामुळे पेटीचा आधार, सरोदची घाई आणि मधला थांबा हे सगळं उघड्यावर येतं.

नावं छापली जाणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर हॅरिसनच्या गाण्यात तबला वाजवणारे अनिल भागवत यांचं नाव वेष्टनावर आलं, तो अपवाद म्हणावा लागेल. पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’मधल्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्यात लंडनमधल्या भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवला. नावं कुठेच नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा आणि नटवर सोनी ही चार नावं लोकांसमोर यायला २०१७ उजाडलं. तोवर पन्नास वर्षं गेली होती. अल्बमच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लिव्हरपूलला कार्यक्रम झाला, तेव्हा त्यांचा सन्मान झाला.

हॅरिसनने ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावर वादकांना जागा दिली, म्हणून आज केंकरे आणि नारिंग्रेकर शोधता येतात. लेड झेपलिन या रॉक बँडच्या मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत असं झालं नाही. त्यांचा १९६९चा पहिला अल्बमही त्यांचा गिटारवादक जिमी पेजने २०१४मध्ये स्वतः लक्ष घालून रीमास्टर केला. त्यातल्या ‘ब्लॅक माउंटन साइड’मध्ये विराम जसानी यांचा तबला आहे, आणि नव्या आवृत्तीत गिटारच्या मागून तो छान पुढे आला आहे. पण १९७२मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, स्थानिक वादक घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी त्यांनी पुन्हा बांधली, त्या टेपा चाळीसहून अधिक वर्षं पडून होत्या. २०१५मध्ये ‘कोडा’च्या रीमास्टर आवृत्तीबरोबर त्या निघाल्या. तबला, सारंगी, व्हायोलिनांचा ताफा, सगळं खणखणीत ऐकू येतं. गाण्याच्या नावापुढे छापलं आहे ते एवढंच: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

त्या ताफ्यातले वादक मुंबईचेच. दादर-गिरगावापासून पुण्यापर्यंत अनेक घरांत त्या पिढीच्या वादकांच्या डायऱ्या, मानधनाच्या पावत्या आणि काळे-पांढरे फोटो अजून असतील. रद्दीत जाण्याआधी ते उघडून १९६८चा जानेवारी आणि १९७२ची पानं चाळायला हवीत.