घरगुती वृंद आणि उपजेचें गाणें

देवगिरीच्या यादवांपैकीं राजा सिंघण याच्या दरबारीं तेराव्या शतकांत शार्ङ्गदेव नांवाचा एक हिशेबनीस होता. घराणें मूळचें काश्मीरचें. आजोबा दक्षिणेंत आले आणि नातू यादवांच्या जमाखर्चाच्या दप्तरांतला मोठा अधिकारी झाला. राज्याच्या वह्या तपासणाऱ्या याच गृहस्थानें 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला, आणि पुढें विजयनगरच्या कल्लिनाथासारख्या पंडितास त्यावर टीका लिहावीशी वाटली. भातखंडे हेहि पेशानें वकील. मुंबईंत १८७० सालीं निघालेल्या पारशी गायन उत्तेजक मंडळींत ते गाणें शिकले, आणि पुढें उत्तर हिंदुस्थानी रागांची मांडणी मराठींत लिहून त्यांनीं ती सर्वांच्या हातीं दिली. पोटाचा उद्योग एक व गाण्याचा ध्यास दुसरा, ही गोष्ट आपल्याकडे कमीपणाची मानण्याचें कारण नाहीं. 'हौशी' या शब्दास अलीकडे जी कनिष्ठपणाची छटा चिकटली आहे, ती निदान शास्त्रानें तरी लावलेली नव्हे.

रत्नाकराचे अध्याय सात. त्यांपैकीं तिसऱ्या, म्हणजे प्रकीर्णकाध्यायांत शार्ङ्गदेवानें 'वृंद' म्हणजे गाणाऱ्यावाजविणाऱ्यांचा मेळा कसा असावा तें सांगितलें आहे. उत्तम वृंदांत मुख्य गायक चार, त्यांस साथ करणारे समगायन आठ, गायनी बारा, बांसरीवाले चार आणि मृदंगी चार. बेरीज बत्तीस. मध्यम वृंद याच्या निम्मा, आणि कनिष्ठ वृंद त्याहून लहान. हिशेबनिसाची संवय येथेंहि सुटलेली नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच! यानंतर तो वृंदाचे सहा गुण देतो: मुख्य गायकास अनुसरणें, एकमेकांत मिसळून जाणें, तालालयाला धरून राहणें, परस्परांचें तुटलेलें सांभाळून नेणें, तिन्ही स्थानांत फिरण्याची शक्ति असणें, आणि आवाजांत सारखेपणा असणें. यांतील चवथ्या गुणाला त्यानें 'मिथस्त्रुटितनिर्वाह' असें नांव दिलें आहे. एकाचा श्वास, स्वर किंवा मात्रा तुटली, तर दुसऱ्यानें ती धरून पुढें न्यावयाची. सहांपैकीं पांच गुणांसाठीं गळा तयार लागतो, कान तयार लागतो. हा एक गुण मात्र असा आहे कीं, तो साधारण माणसांसहि प्रयत्नानें साधतो. घरगुती गाण्याचें सगळें मर्म मला याच एका पदांत दिसतें, आणि या लेखाचें निमित्तहि तेंच आहे.

आमचा वृंद पांच जणांचा; शार्ङ्गदेवाच्या कनिष्ठ वृंदाहूनहि कनिष्ठ. पेटीवर एक वकील, तबल्यावर पोस्टांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बांसरीवर औषधांचे एक दुकानदार, गाण्यास वकीलसाहेबांची सून, आणि तंबोऱ्यापाशीं मी. मुलांस शब्दरूपें घोकून घेण्यांत माझा जन्म गेला. आवाज त्यांतच खर्ची पडला. तरी पण अधूनमधून ओळ उचलून धरण्याचें, म्हणजे समगायनाचें, काम मजकडे आहे. वकीलसाहेबांच्या माडीवर दर गुरुवारीं संध्याकाळीं आम्ही बसतों, त्यास आतां नऊ वर्षें होत आलीं. श्रोते बहुधा नसतात. असलेच तर घरांतलीं मुलें, आणि तीं प्रसादावर लक्ष ठेवून असतात.

आम्ही गातों तें बहुतेक मध्य लयींतलें त्रितालांतलें. विलंबित ख्याल आमच्या आवांक्याबाहेरचा, त्याच्या वाटेस आम्ही जात नाहीं. बंदिश दोन ओळींची स्थायी आणि दोन ओळींचा अंतरा एवढीच. ती पाठ करण्यास एक आठवडा पुरे. खरें काम त्यानंतर सुरू होतें. बंदिशींत जें लिहिलेलें नाहीं, जें त्या घटकेस सुचतें आणि पुन्हां तसेंच्या तसें येत नाहीं, ती उपज. आमचा नियम असा कीं, एकानें एक आवर्तन घ्यावें, सोळा मात्रांत जें सुचेल तें म्हणावें किंवा वाजवावें आणि मुखडा पकडून समेवर यावें. मग दुसऱ्यानें पहिल्याच्या शेवटच्या स्वरावरून आपलें आवर्तन उचलावें. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. पहिला काय म्हणतो तें नीट ऐकल्याशिवाय दुसऱ्यास बोलतां येत नाहीं. आमच्या बांसरीवाल्यांना आरंभीं घरून तयार करून आणलेल्या ताना वाजविण्याची हौस होती. चार गुरुवारांत ती आपोआप गेली, कारण त्यांच्या तानेचा पहिला स्वर मागल्या माणसाच्या शेवटल्या स्वराशीं कधींच जुळेना.

आतां त्रुटितनिर्वाह प्रत्यक्षांत कसा होतो तें सांगतों. सूनबाई एकदां भूप गात होत्या. स्वर पांचच, सा, रे, ग, प, ध. त्यामुळें राग सोपा वाटतो. परंतु हेच पांच स्वर देशकाराचे. भूपांत गंधारावर भर, देशकारांत धैवतावर. सूनबाईंचा आवाज धैवतावर गोड लागतो, तेथें त्या रमल्या, आणि दोन आवर्तनांत संध्याकाळच्या भूपाची सकाळ होऊं लागली. वकीलसाहेब कांहीं बोलले नाहींत. पेटीवर त्यांनीं नुसता गंधार धरून ठेवला, मोठ्यानें नव्हे, पण सोडलाहि नाहीं. तिसऱ्या आवर्तनांत त्या धैवतावरून पंचमाच्या वाटेनें गंधारावर उतरल्या, आणि ती उतरण्याची जागा इतकी सुरेख झाली कीं, पुढें महिनाभर प्रत्येकजण तीच घेत होता. तालाचें तुटलें तर तबलजींचा उपाय निराळा. गाणारा सम हुकला असें दिसतांच ते नवव्या मात्रेची खाली अगदीं उघडी करून दाखवितात, डग्गा पार बंद; मग चुकलेल्यास कळतें कीं, समेला अजून आठ मात्रा आहेत. तेथून तीन मात्रांचा एखादा तुकडा तीनदां म्हटला कीं शेवटची मात्रा बरोबर समेवर पडते. नवव्या मात्रेपासून मोजून पाहावें. ऐकणाऱ्यास ती बेतून घेतलेली तिहाई वाटते. ती वास्तविक सुटका असते!

ज्या कुटुंबांत असा मेळा जमवावयाचा असेल त्यांच्यासाठीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. पुरुष व स्त्रिया एकत्र गाणार म्हणजे पट्टीचा तंटा येतोच. आम्ही पेटीची काळी दोन ठरविली आहे. ती सूनबाईंस खालीं पडते, म्हणून वरच्या सप्तकांतला विस्तार त्यांच्याकडे आणि मंद्रांतला आमच्याकडे. शार्ङ्गदेवाची त्रिस्थानव्याप्ति एका गळ्यांत नसली तरी पांच जणांत मिळून भरून निघते. आवाजांच्या सारखेपणाबद्दल मात्र बोलावयास नको. माझा आवाज बिजागरीच्या जातीचा आहे आणि त्यावर तेलाचा उपाय चालत नाहीं. दुसरी गोष्ट तंबोऱ्याची. मिरजेचा चांगला तंबोरा घरांत असला तर भाग्यच. नसला तर विजेच्या तंबोऱ्यानें काम भागतें. तंबोऱ्यानें कोणासाठीं थांबावें अशी अपेक्षाच नसते, म्हणून तेथें यंत्र चालतें.

गायनींविषयीं एक शब्द. उत्तम वृंदांत मुख्य गायक चार व समगायन आठ मिळून पुरुष बारा, आणि गायनीहि बारा, हें मीं वर दिलें त्यावरून दिसेल. सातआठशें वर्षांपूर्वीच्या या समसमान वांटणीची आठवण आपल्या घरांतून किती राहिली तें वाचकांस ठाऊक आहे. लेकीस गाणें शिकवावयाचें तें दाखविण्याच्या कार्यक्रमांत दोन पदें म्हणतां यावीं म्हणून, आणि लग्नानंतर तंबोरा माळ्यावर, हा क्रम पुष्कळ घरांनीं पाळला. आमच्या सूनबाईंचा तंबोरा अकरा वर्षें खोळींत होता.

आतां ज्या गोष्टीमुळें आमच्या वृंदांत खरोखरीचा वाद झाला तिच्याकडे वळतों. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें तेव्हांपासून गाण्यास घड्याळ लागलें. त्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. तासभर चालणारी बढत तेवढ्यांत बसवावयाची म्हणून उत्तम उत्तम तेवढें निवडून घ्यावें लागे. मोठ्या गवयांनीं तें असामान्य कौशल्यानें साधलें, आणि त्यांच्यामुळेंच ज्यांच्या गांवीं मैफल कधीं झाली नाहीं त्यांच्याहि कानीं चांगलें गाणें पडलें. तो उपकार मी विसरत नाहीं. परंतु त्यामुळें चुकीशिवायचें, निवडून काढलेलें गाणें तेंच गाणें, अशी समजूतहि घरोघर पसरली. आज तर खिशांतल्या फोनांत ध्वनिमुद्रणाची सोय आहे. दोन वर्षांपूर्वीं एका गुरुवारीं वकीलसाहेबांच्या चिरंजीवांनीं आमचें दुर्गा रागाचें गाणें फोनावर उतरून घेतलें आणि नातेवाइकांस धाडलें. उत्तरें आलीं, कौतुक झालें. सूनबाईंच्या एका तानेची तर बेळगांवापासून बोस्टनपर्यंत वाहवा झाली. पुढल्या गुरुवारीं त्यांनीं तीच तान घेतली. त्याच्या पुढल्या गुरुवारींहि तीच. फोन समोर ठेवलेला असला कीं कोणीहि नव्या जागेकडे वळेना, आणि कोणाचें तुटेना, कारण तुटेल असें कांहीं कोणी करीतच नव्हतें. सहा आठवडे आम्ही निर्दोष गाइलों, आणि मला तरी तो काळ फार कंटाळवाणा वाटला.

मीं म्हटलें, फोन माडीखालीं ठेवून यावा. तबलजींस तें पटेना. त्यांचा नातू अमेरिकेंत आहे, त्यास बांसरीचा नाद आहे, आणि आजोबांचा तबला त्यानें ऐकावयाचा कसा? या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मग कोणी सुचविलें कीं, नुसतें ऐकण्यापेक्षां त्यास फोनावरून आमच्यांत बसवून घ्यावें. तें करून पाहिलें. जमलें नाहीं, आणि न जमण्याचें कारण गणितांत आहे. येथून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारें तेरा हजार किलोमीटर धरला आणि कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो हें लक्षांत घेतलें, तर आवाज तेथें पोंचण्यास निदान ०.०६५ सेकंद लागतो, परत येण्यास तितकाच. यंत्रांचा विलंब निराळा. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ०.३७५ सेकंदाची. म्हणजे जाण्यायेण्यांतच मात्रेचा तिसरा हिस्सा गेला. तबलजी नातवासाठीं थोडे थांबत, नातू आजोबांसाठीं थांबे, आणि दोघांच्या या प्रेमळपणांत लय बुडे.

परंतु तालाच्या बाहेर असलेल्या आलापास हा विलंब नडत नाहीं. रत्नाकरांत निबद्ध आणि अनिबद्ध असे गानाचे दोन भेद केले आहेत. आलप्ति ही अनिबद्धांत मोडते. तेव्हां हल्लीं असें चालतें: आमच्यापैकीं कोणीतरी दोनतीन मिनिटांचा आलाप फोनावर उतरून नातवाकडे धाडतो, आणि तो त्याच्या शेवटल्या स्वरावरून उचलून आपला आलाप बांसरीवर परत धाडतो. आम्ही गुरुवारीं तो ऐकतों आणि तेथून पुढें जातों. एका मारव्यास असे सात आठवडे लागले. अट एकच ठेविली आहे: ज्यास हें धाडलें त्यानें नुसती वाहवा कळवूं नये, गाऊन किंवा वाजवून उत्तर द्यावें. त्यामुळें नातेवाइकांची यादी एकदम आटली. आतां बेळगांवच्या एक आत्याबाई आणि हा नातू एवढेच उरले आहेत. आत्याबाईंचें वय ७८. त्यांचा निषाद किंचित् उतरतो, आणि नातू तो आपल्या बांसरीवर फार अदबीनें सांवरून घेतो. सूनबाईंची ती प्रसिद्ध तान गेल्या वर्षभरांत मीं ऐकली नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत तबलजींस अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा हातहि राहिला, डावा गेला. तीन महिने बैठक बंद होती. मग वकीलसाहेबांच्या चिरंजीवांनीं फोनावरचा यांत्रिक तबला आणला. ठेका उत्तम, लय पाहिजे ती, आवाज स्वच्छ. दोन गुरुवार आम्ही त्याच्याबरोबर गाइलों. सम हुकली कीं तें यंत्र तसेंच पुढें जाई. खाली उघडी करून दाखविणें त्याच्या गांवीं नव्हतें. दुसऱ्या गुरुवारीं तबलजी कोपऱ्यांत खुर्चीवर बसून ऐकत होते. सूनबाईंची मात्रा चुकली तेव्हां त्यांनीं उजव्या हाताची बोटें खुर्चीच्या हातावर आपटलीं आणि तोंडानें बोल म्हणून त्यांस समेवर आणलें. यंत्र त्याच दिवशीं बंद झालें.

आतां दाहिना तबलजींपुढें असतो, आणि शेजारीं वकीलसाहेबांची बारा वर्षांची नात नुसता डग्गा घेऊन बसते. तिला गुडघ्यानें खूण करून ते खाली-भरी सांगतात. खालीला डग्गा बंद ठेवावयाचा हें तिला पहिल्याच दिवशीं कळलें. मनगटानें घुमारा काढणें अद्याप जमत नाहीं. त्रितालाची लय आम्ही उतरवून घेतली आहे. तिहाईचा शेवटचा ठोका दोघांचा मिळून अजून येत नाहीं, म्हणून तेवढ्या जागेपुरते वकीलसाहेब भाता सोडून पेटीच्या लांकडावर थाप देतात.