इंजिन नवे, मग गिअरबॉक्स कोणता?

१९८५ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ११८ एनई बाजारात आणली. तिचा सांगाडा फियाट १२४चा, म्हणजे १९६०च्या दशकातला. इंजिन मात्र निसानचे, ११७१ सीसीचे. कंपनीकडे पद्मिनीचा चार गिअरचा गिअरबॉक्स तयार होता, तरी नव्या इंजिनामागे निसानचाच लावला गेला. हिंदुस्थान मोटर्सचेही तेच. काँटेसा सुरुवातीला अॅम्बेसेडरच्या दीड लिटर इंजिनावर कशीबशी पळायची. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, ते पाच गिअरचा बॉक्स सोबत घेऊनच. नव्वदच्या दशकात हीच जोडी अॅम्बेसेडरमध्ये गेली.

जुन्या गाडीत ताकदीचे इंजिन बसवल्यावर मागे कोणता गिअरबॉक्स लावायचा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन कंपन्यांनी असे देऊन ठेवले आहे. उरलेले अर्धे आपल्या रस्त्यांवर आणि मागच्या अॅक्सलवर अवलंबून आहे. आपल्या हौशी मंडळींचे लक्ष बहुधा तिथवर पोचतच नाही.

आधी कायद्याची गोष्ट उरकून घेऊ. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंद होण्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. इंजिन, चॅसी किंवा बॉडीत मोठा बदल केला की तो मान गेला. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकात तशी नोंदही. म्हणजे इथून पुढे ज्या गाडीबद्दल बोलायचे, ती जुनी खरी, पण कागदावर विंटेज नाही.

छत्रपती संभाजीनगरहून गाडी काढली की दोन अगदी वेगळ्या परीक्षा समोर येतात. समृद्धी महामार्गावर तासन् तास एकाच वेगात पळायचे असते. कन्नडच्या पुढे चाळीसगावकडे निघाले तर औट्रम घाट उतरायचा आणि परतताना तोच चढायचा. एकच गिअरबॉक्स दोन्हीकडे चालला पाहिजे.

पद्मिनीच्या बेताची एक गाडी हिशेबाला घेऊ. चाकाचा घेर १.८५ मीटर, मागच्या क्राउन-पिनियनचे गुणोत्तर ४.३. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ९०० फेऱ्या मारते. चौथा गिअर सरळ, म्हणजे १:१ असेल तर इंजिन सुमारे ३,८७० फेऱ्यांवर ओरडत राहते. पाचवा गिअर ०.८चा मिळाला की हाच आकडा ३,१०० वर येतो. आवाज, तापमान आणि पेट्रोल तिन्ही आटोक्यात. पाचव्या गिअरने गाडी जोरात पळते हा गैरसमज आहे. त्याचे काम इंजिनाला दम खाऊ देणे. चढ लागला की चौथ्यात यावेच लागते.

आता दुसरे टोक. मूळ इंजिनाचा टॉर्क ८० न्यूटन-मीटर धरला आणि पहिला गिअर ३.८६चा, तर ८० × ३.८६ × ४.३ म्हणजे घर्षणातली घट सोडून सुमारे १,३३० न्यूटन-मीटर मागच्या चाकांवर उतरतो. नवे इंजिन १३० न्यूटन-मीटरचे, त्याचा पहिला गिअर ३.५चा. जुन्याच क्राउन-पिनियनवर हा आकडा १,९५० च्या पुढे जातो. जुन्या आराखड्यातल्या हाफ शाफ्टने हे सोसावे कसे? अरुंद टायर असतील तर ते आधी घसरतात, म्हणजे फ्यूजसारखे वाचवतात. पण शोभेसाठी रुंद टायर चढवले की तो फ्यूजही गेला. मग गिअरबॉक्स शाबूत राहतो आणि तुटतो तो शाफ्ट.

म्हणून माझा आग्रह असा, की गिअरबॉक्स इंजिनासोबतचाच घ्यावा आणि उरलेले पैसे अॅक्सलवर घालावेत. तिथे ३.९चे गुणोत्तर मिळाले तर पहिल्या गिअरमधला टॉर्क १,७७५ च्या आसपास येतो. मूळ गाडीपेक्षा तो बराच जास्त, त्यामुळे घाट सहज चढतो. शाफ्टवरचा ताण मात्र ४.३च्या मानाने कमी होतो. समृद्धीवर इंजिनाच्या फेऱ्याही आणखी उतरतात. याहून खूप खाली जाऊ नये. औट्रम घाट उतरताना दुसऱ्या गिअरने गाडी धरून ठेवावी लागते, आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते तापले की पकड सोडतात.

गंमत म्हणजे मोटारींच्या या शहरात असा गिअरबॉक्स सहज सापडत नाही. शहराजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया पुढच्या चाकांवर चालणारी. तिचे इंजिन आडवे बसते आणि गिअरबॉक्स व डिफरन्शिअल एकाच खोक्यात असतात. मागे प्रोपेलर शाफ्ट जोडायची सोयच नाही. भंगारात ढीग पडला असला तरी पद्मिनीला त्याचा उपयोग शून्य. शोधायचे ते ११८ एनई, अॅम्बेसेडर किंवा काँटेसाचे बॉक्स.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या गाड्यांचे असतील तर मधली अॅडॉप्टर प्लेट लेथवर बनवावी लागते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूकही बेअरिंग आणि क्लच प्लेटला खाते. दुसरी अडचण प्रोपेलर शाफ्टच्या कोनांची. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा वेग कमी-जास्त करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि जॉइंटची मांडणी बरोबर असेल तर एकाची चूक दुसरा फेडतो. गिअरबॉक्स थोडा खाली झुकवून बसवला की हा हिशेब बिघडतो आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. मग चाकांचे बॅलन्सिंग कितीदाही करा. नव्या बॉक्समुळे स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी जाऊन जमिनीवर आली, तर पुढची अखंड सीटही जाते. घरच्यांना ते आधी सांगून ठेवलेले बरे.

शेवटी स्पीडोमीटर. जुन्या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून फिरते. ४.३च्या जागी ३.९ आले, की त्याच वेगाला तो शाफ्ट कमी फिरतो. पूर्वी बरोबर दाखवणारा काटा आता खऱ्या १०० ला ९१ दाखवेल. केबलचा छोटा दातेरी गिअर बदलला नाही, तर समृद्धीवर काटा ११० वर असताना गाडीने १२० ची मर्यादा ओलांडलेली असेल.