ओल्या जखमेवरचा बंध

करमाडच्या शिवारात गवत कापताना विळा बोटाला लागला, की बांधावरची कंबरमोडी शोधली जाते. तिचा पाला तळहातावर चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, वर चिंधी घट्ट बांधायची आणि हात काही वेळ उंच धरून बसायचे, ही रीत मराठवाड्यातील ज्येष्ठांना लहानपणापासून ठाऊक आहे. कोणी कंबरमोडीऐवजी चिमूटभर हळद दाबतात. या उपायात पाल्याचा वाटा किती आणि दाबाचा किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. रक्त थांबण्यात जखमेवरील दाबाचे महत्त्व मोठे आहे, हे शल्यचिकित्सकही सांगतात.

परंतु रक्त जठराच्या आत वाहत असेल, यकृत फाटले असेल किंवा कवटीच्या आत साचत असेल, तर दाब कोठे द्यायचा? तेथे हात पोहोचत नाही आणि चिंधी बांधता येत नाही. अशा रक्तस्रावावर थेट चिकटून तो थांबवील असा पदार्थ शोधण्यासाठी गेली काही दशके संशोधक निसर्गातील काही अगदी साध्या जीवांकडे पाहत आहेत. त्यांना काय सापडले आणि घरातील ज्येष्ठांसाठी त्याचा अर्थ काय, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

शरीराचा स्वतःचा बंध

रक्तवाहिनीला छेद गेला की प्रथम रक्तातील प्लेटलेट या सूक्ष्म पेशी तेथे गोळा होतात. त्यानंतर फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जाऊन जाळे तयार होते आणि रक्ताची गुठळी जखमेचे तोंड बंद करते. निरोगी माणसाच्या लहान जखमेसाठी ही व्यवस्था पुरेशी असते.

वार्धक्यात मात्र तिच्यावर अनेक बाजूंनी ताण येतो. हृदयात स्टेंट बसवलेल्यांना अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना वॉरफरिनसारखी औषधे दिली जातात. गुठळीमुळे होणारा हृदयविकार किंवा पक्षाघात टाळण्यासाठी ती आवश्यकच असतात. पण त्यांच्यामुळे जखम भरण्याआधी रक्त अधिक काळ वाहते. त्यात गुडघेदुखीसाठी स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडली, तर जठराच्या अस्तराला व्रण होऊन आतल्या आत रक्त झिरपू लागते.

ओलाव्याची अडचण

ओल्या भिंतीवर कागद चिकटत नाही, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. चिकटवायचा पदार्थ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर आला की बंध जुळत नाही. वाहत्या रक्ताने भिजलेल्या, सतत हलणाऱ्या अवयवावर तर ही अडचण कितीतरी पटींनी वाढते. समुद्रातील काही जीवांनी मात्र ती केव्हाच सोडवली आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांना शिणाणे घट्ट धरून असतात. ते रेशमासारखे बारीक धागे काढतात आणि धाग्याच्या टोकाशी असलेल्या प्रथिनाने खडकाला चिकटतात. याच कुळातील शिंपल्यांचा अभ्यास करून अमेरिकेतील हर्बर्ट वेट यांनी 1981 मध्ये या प्रथिनातील डोपा हा घटक दाखवून दिला. हा घटक पाण्याचा थर भेदून पृष्ठभागाशी बंध जुळवतो आणि पुढे घट्टही होतो. आपल्या वाचकांना डोपा अगदीच परका नाही. कंपवाताच्या रुग्णांना दिले जाणारे लेव्होडोपा हे तेच रसायन असून खाजकुइलीच्या बियांतही ते असते. शिंपल्यात ते प्रथिनाच्या साखळीत गुंफलेले असते, एवढाच फरक. दक्षिण कोरियातील संशोधकांनी डोपासारखी रचना कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानला जोडली आणि तिचा लेप इंजेक्शनच्या सुईला दिला. सुई बाहेर काढताना लेप छिद्रातच राहतो आणि ते बंद होते. रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या उंदरांवरही हा प्रयोग यशस्वी झाला.

दुसरा गुरू बार्नॅकल. होड्यांच्या तळाला आणि बंदरातील खांबांना पांढऱ्या खडबडीत पुळ्यांसारखे दिसणारे हे कवचधारी जीव खेकड्याचे दूरचे नातेवाईक आहेत. ते आधी तेलकट स्राव सोडून पृष्ठभागावरील पाणी व घाण दूर सारतात आणि मगच चिकटणारे प्रथिन सोडतात. हाच क्रम उचलून एमआयटी या अमेरिकी संस्थेतील संशोधकांनी 2021 मध्ये एक मलम तयार केले. त्यात चिकटणारे सूक्ष्म कण तेलात मिसळलेले असतात. मलम दाबून धरले की तेल रक्ताला बाजूला सारते आणि कण थेट ऊतींना चिकटतात. उंदीर व डुकरांवरील प्रयोगांत सुमारे पंधरा सेकंदांत जखम बंद झाली. विशेष म्हणजे हे मलम रक्त गोठण्यावर अवलंबून नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे.

तिसरा जीव मराठवाड्यातील शेतकऱ्याला नकोसा आहे. 2022 च्या खरिपात शंखी गोगलगायींनी लातूर, बीड भागांतील सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. त्यांच्याच नात्यातील, शंख नसलेली एक गोगलगाय संकटात सापडली की असा चिकट स्राव सोडते, की तिला जागेवरून हलवणे कठीण जाते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये त्यावरून दोन थरांचा पदार्थ बनवला. एक थर ऊतींना धरतो. दुसरा लवचीक थर ताण शोषून घेतो. त्यामुळे धडधडणाऱ्या हृदयावरही तो सुटत नाही, असे डुकरांवरील प्रयोगात दिसून आले.

आज रुग्णालयात काय आहे

बार्नॅकल आणि गोगलगायीवरून सुचलेले हे पदार्थ आशादायक असले, तरी आपल्या गावच्या रुग्णासाठी ते आज हाताशी नाहीत. प्राण्यांवरील यशानंतर माणसांवरील सुरक्षितता, शरीरात पदार्थ विरघळण्याचा काळ, संसर्गाची शक्यता अशा अनेक कसोट्या पार कराव्या लागतात.

याचा अर्थ आज डॉक्टरांचे हात रिकामे आहेत असा मात्र नाही. शरीराच्याच गुठळीची नक्कल करणारा फायब्रिनचा गोंद शस्त्रक्रियेत वापरला जातो. जखमेवर ठेवल्यावर कालांतराने शरीरातच विरघळणारे जिलेटिन व सेल्युलोजचे तुकडे मिळतात. कायटोसानच्या पट्ट्या बाहेरील जखमांवर वापरल्या जातात. जठरातील व्रणातून रक्त येत असेल, तर दुर्बिणीतून तेथे इंजेक्शन देतात, बारीक चिमटा लावतात किंवा रक्त थांबवणारी पूड फवारतात. यकृताच्या आजारामुळे जठरातील शिरा फुगून फुटल्या, तर सायनोअ‍ॅक्रिलेट हा झटपट घट्ट होणारा गोंद शिरेत सोडतात. घरात मिळणारा झटपट गोंद मात्र जखमेवर कधीही लावू नये. वैद्यकीय गोंद त्याहून वेगळा आणि निर्जंतुक असतो.

हे सारे उपाय रुग्ण वेळेत पोहोचला तरच कामाचे. अंतर्गत रक्तस्रावात वेळ वाया जातो तो बहुधा घरातच, कारण रक्त डोळ्यांना दिसत नाही.

घरच्यांच्या हाती असलेले काम

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. ते कमी होऊ लागले की प्रथम नाडी वेगवान होते. रक्तदाब बऱ्याचदा बराच उशिरा घसरतो. म्हणून रक्तदाब ठीक आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील, तर नाडीही वाढत नाही आणि धोका आणखी झाकला जातो.

पुढील खुणा दिसल्यास थांबू नये: डांबरासारखे काळे, चिकट व उग्र वासाचे शौच; कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा लालसर उलटी; उठून उभे राहताच भोवळ; थंड घाम, फिकट चेहरा; लघवी कमी होणे; अचानक असंबद्ध बोलणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, परंतु ते डांबरासारखे चिकट नसते. शंका असल्यास डॉक्टरांनीच ठरवावे. डोक्याला मार लागल्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, डोकेदुखी, गुंगी किंवा चालण्यात तोल जाणे सुरू झाले, तर तो कवटीच्या आतील रक्तस्राव असू शकतो.

अशा वेळी रुग्णाला आडवे करावे. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. तोंडाने अन्न, पाणी, काढा काहीही देऊ नये. रक्त थांबवणारी गोळी दुकानातून आणून देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे एरवी स्वतःहून बंद करू नयेत. पण रुग्णालयात पोहोचताच ती कोणती आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे सर्वप्रथम सांगावे. त्यासाठी सर्व औषधांची नावे व मात्रा लिहिलेला एक कागद आधारकार्डासोबत कायम ठेवावा.

करमाडहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंतचे अंतर जालना रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटरचे. 2014 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. 'सकाळ होऊ द्या, मग बघू' असे म्हणत रात्र काढण्यापेक्षा त्याच घटकेला हा क्रमांक फिरवणे केव्हाही श्रेयस्कर. शिणाणे आणि गोगलगायीकडून शिकून संशोधक उद्या याहून चांगले बंध घडवतील. तोवर आजीचे काळे शौच पाहून सुनेने वेळीच केलेली विचारपूस आणि आजोबांच्या खिशातला औषधांचा कागद, हीच घरातील रक्तस्रावावरची पहिली पट्टी आहे.